तोच हा देवदत्त? 'झोंबी' आणि वर्गात परत आलेला विद्यार्थी

 

आजचा विषय वरवर लहान दिसतो. शिक्षण मध्येच सुटलेला विद्यार्थी परत वर्गात येतो, तो पहिला दिवस. त्यातही तास भाषेचा, लेखनाचा. समोर कोरी वही. मास्तर किंवा मॅडम फळ्यावर विषय लिहितात आणि म्हणतात, लिहा. तो काय लिहितो? त्याला काय लिहू दिलं जातं? या प्रश्नाशी भिडणारं एक पुस्तक मराठीत आहे. ते पुष्कळ वाचलं गेलं, गौरवलं गेलं, आणि आमच्या मते थोडं चुकीच्या बाजूनं वाचलं गेलं. ते म्हणजे आनंद यादवांची 'झोंबी'.

हा विषय घोटीत घेण्याला कारण आहे. आपला इगतपुरी तालुका जिल्ह्यातल्या सर्वाधिक पावसाच्या तालुक्यांपैकी एक, आणि भाताचा तालुका. कॉलेजचं वर्ष जून-जुलैत उघडतं. नेमकी तेव्हाच आपल्याकडे चिखलणी चाललेली असते, दाढीतली रोपं उपटायला आलेली असतात, आवणी तोंडावर असते. म्हणजे विद्यापीठाचं पंचांग आणि खाचराचं पंचांग एकाच आठवड्यात माणूस मागतात. खाचराला त्या दिवशी हात लागतात, वर्गाला हजेरी लागते. मग काही जण दोन आठवडे उशिरा येतात, काही जण दोन वर्षं उशिरा. कुणी गोंदे-वाडीवऱ्ह्याच्या पट्ट्यातल्या कारखान्यात कामाला लागलेला असतो, कुणाचं लग्न झालेलं असतं, कुणी भात गिरणीवर पोती उचलत असतो. ही सगळी मंडळी कधीतरी परत येतात. आज आपण त्यांच्याविषयी बोलणार आहोत.

आधी पुस्तकाची ओळख करून घेऊ. आनंद यादवांचा जन्म 1935 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलला झाला. पुढे ते पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले, ग्रामीण साहित्य चळवळीचे एक प्रमुख विचारवंत झाले. 2016 साली त्यांचं निधन झालं. 'झोंबी' प्रसिद्ध झाली 1987 साली, आणि 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल' हे त्याच आत्मकथनाचे पुढचे भाग. 'झोंबी'तल्या एका उताऱ्याचा हिंदी अनुवाद 'जूझ' या नावानं केंद्रीय शाळांच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात लागला. त्यामुळे महाराष्ट्राबाहेरच्या असंख्य मुलांना आनंद यादव माहीत आहेत ते याच परत येण्याच्या प्रसंगातून.

प्रसंग असा. वडिलांनी, म्हणजे 'दादां'नी, मुलाला शाळेतून काढून शेतीला जुंपलेलं आहे. मुलाला शिकायचं आहे. शेती कितीही केली तरी हाती काही लागणार नाही हे त्याला उमगलंय. पण दादांपुढे बोलायची सोय नाही. मग आई आणि मुलगा मिळून गावातल्या वजनदार माणसाकडे, दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जातात. देसाई दादांना बोलावून घेतात, झापतात, आणि मुलाची शाळा पुन्हा सुरू होते. पण अटींवर. सकाळी अकरापर्यंत रानात काम करायचं, मग शाळा. शाळा सुटली की ढोरं चारायची. कामाची गर्दी असेल त्या दिवशी शाळा नाही.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आठवते. पुढचा जो दिवस आहे तो मात्र लोक भराभर वाचून पुढे जातात. आपण तिथे थांबू.

मुलगा पुन्हा पाचवीच्या वर्गात येतो. त्याच्या बरोबरीचे पुढे निघून गेलेत. गल्लीतली एक-दोन ओळखीची पोरं सोडली तर वर्ग अनोळखी आहे. ज्यांना तो आपल्यापेक्षा लहान, कमी अकलेचे समजत होता, त्यांच्याच रांगेत आता बसायचं. अंगावर धोतर, डोक्याला गमछा, खांद्यावर कापडाची पिशवी, तीत जुनी पुस्तकं. एक दांडगट पोरगा त्याचा गमछा ओढून घेतो, स्वतःच्या डोक्याला गुंडाळून मास्तरांची नक्कल करतो आणि तो गमछा मास्तरांच्या टेबलावर टाकून देतो. सुट्टीत धोतराचा सोगा ओढायचा खेळ चालतो. मुलाच्या मनात येतं, नको ही शाळा, आपलं रान बरं. पुढे तो आईच्या मागे लागून टोपी आणि चड्ड्या आणवतो. वर्गासारखा दिसायला लागतो, तेव्हा कुठे त्याला वर्गात बसता येतं.

लक्षात घ्या, या पहिल्या दिवसात अभ्यासाचा प्रश्नच आलेला नाही. गणित आलं नाही म्हणून कुणी हसलेलं नाही. हसू आहे ते कपड्याचं, वयाचं, बाकावरच्या जागेचं. ज्या शाळेसाठी त्यानं एवढी खटपट केली, ती शाळा त्याला 'ये' म्हणत नाही. तिची फक्त हरकत नाही, एवढंच. हरकत नसणं आणि स्वागत असणं यांतलं अंतर हाच त्या दिवसाचा खरा विषय आहे.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा तिकडचं एक उदाहरण इथे घ्यायची परवानगी असावी. आपल्या दर्शनांमध्ये 'तोच हा देवदत्त' हे एक प्रसिद्ध वाक्य आहे. देवदत्त नावाचा माणूस पूर्वी कुठेतरी पाहिला होता. आज तो इथे दिसला. आपण म्हणतो, अरे, हा तोच! याला प्रत्यभिज्ञा म्हणतात, म्हणजे ओळख पटणं. आता गंमत पाहा. 'तो' हा शब्द जुन्या काळाचा, जुन्या जागेचा आहे. 'हा' शब्द आत्ताचा, इथला आहे. दोन काळ, दोन जागा एक कशा होतील? यावर वेदान्ती म्हणतात, विरोधी भाग सोडून द्यायचा. तो काळ सोडा, हा काळ सोडा, ती जागा सोडा, ही जागा सोडा. उरतो तो नुसता देवदत्त. तो एकच आहे.

वेदान्ताचं काम त्यानं भागतं. आपला हजेरीपट नेमका हाच वेदान्त चालवतो. मधली तीन वर्षं सोडा, कारखाना सोडा, बाळंतपण सोडा, आवणी सोडा. नाव तेच, जन्मतारीख तीच, 'उपस्थित' म्हणा आणि बसा. कार्यालयाच्या दृष्टीनं यात काही वावगं नाही, कार्यालयाला तेवढंच हवं असतं. पण लेखनाच्या वर्गात हा हिशेब पूर्ण उलटा पडतो. तिथे जे सोडून दिलं, तेच तर भांडवल आहे. देवदत्त मधल्या काळात कुठे होता, त्यानं काय पाहिलं, कोणत्या शब्दांत पाहिलं, हे वजा केलं तर त्याच्याजवळ लिहायला उरतं काय? निबंधमालेतला 'पावसाळ्यातील एक दिवस'. ज्यानं सगळा पावसाळा गुडघाभर चिखलात काढला, तो पाठ केलेल्या मोराविषयी आणि इंद्रधनुष्याविषयी लिहितो, आणि पासही होतो. यातला विरोधाभास आपल्याला आता दिसतसुद्धा नाही.

आता 'झोंबी'च्या नेहमीच्या वाचनाकडे येऊ. पाठ्यपुस्तकातला उतारा म्हटलं की ठराविक प्रश्न येतो: या कथेतून कोणता संदेश मिळतो? आणि उत्तर ठरलेलं: जिद्द असेल तर माणूस काहीही करू शकतो. आमचा या वाचनाला विरोध आहे, आणि तो पुस्तकाच्या आधारानं आहे.

मुलाला जिद्द तर वाड्यावर जायच्या आधीपासून होती. तिनं काही झालं नाही. परत येणं घडलं ते तीन गोष्टींनी. आईनं वाड्यावर जायचं धाडस केलं. गावातल्या सत्तेनं योगायोगानं योग्य बाजू घेतली. आणि मुलानं दुप्पट कामाच्या अटी मान्य केल्या. यातली दुसरी गोष्ट अडचणीची आहे. एका घरातला अन्याय दुसऱ्या, मोठ्या घराच्या दराऱ्यानं मिटला. ज्या गावात असा देसाई नसेल, किंवा असेल पण त्याला त्या दिवशी वेळ नसेल, तिथल्या मुलानं जिद्दीचं काय करायचं? यादवांनी हे लपवलेलं नाही. उलट देसायांनी मध्ये पडल्याशिवाय पान उलटत नाही, हे ते स्वच्छ लिहितात. झाकलं ते आपण, वाचकांनी. कारण जिद्दीची गोष्ट ऐकून आपल्याला काही करावं लागत नाही. टाळ्या वाजवल्या की पुरे.

शीर्षकही पाहा. झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. कुस्तीतला शब्द. त्यात एकटा माणूस नसतो, दोघं असतात. नायकाच्या छातीत काय आहे एवढंच पाहिलं आणि समोर कोण उभं आहे ते पाहिलंच नाही, तर ती झोंबी राहत नाही, व्यायाम होतो. मुलाच्या समोर कोण आहे? दादा आहेतच. गुळाचा भाव आहे, कारण गुऱ्हाळ लवकर लावलं तर गुळाला चढा दर मिळेल या हिशेबावर मुलाचे दिवस ठरतात. आणि त्या पहिल्या दिवशी तर वर्गच समोर उभा आहे.

आणखी एक मुद्दा. 'झोंबी' ही परत येऊन टिकलेल्याची कहाणी आहे. जो परत आला, गमछ्याचा खेळ झाला आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाही, त्याचं पुस्तक आपल्याकडे नाही. असणार कसं? पुस्तक लिहायला आधी टिकावं लागतं. म्हणून हे पुस्तक वाचताना प्रत्येक पानावर न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांची आठवण ठेवावी लागते. तो मुलगा क्षणभर तरी 'नको शाळा' या काठावर उभा होता. काठाच्या पलीकडे पडलेल्यांची संख्या पुस्तकात मावत नाही.

मग हा मुलगा टिकला कशानं? इथे न. वा. सौंदलगेकर मास्तर येतात. मराठीचे मास्तर. कविता नुसती अर्थ सांगून न शिकवता चाल लावून, हावभाव करून म्हणणारे. मुलगा ती चाल घेऊन रानात जातो. पिकाला पाणी पाजताना, ढोरं राखताना एकटाच मोठ्यानं कविता म्हणतो. पूर्वी त्याला रानातला एकटेपणा खायला उठायचा. आता एकटं असणं त्याला आवडायला लागतं, कारण एकटं असलं की गाता येतं. मास्तर त्याला वरच्या वर्गासमोर कविता म्हणायला उभं करतात.

पुढचा टप्पा तर फार महत्त्वाचा आहे. मास्तरांच्या दारात एक वेल आहे, आणि मास्तरांनी त्या वेलीवर कविता केली आहे. मुलानं वेलही पाहिली आहे आणि कविताही वाचली आहे. त्याच्या लक्षात येतं की कवी म्हणजे आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस, आणि कवितेचा विषय म्हणजे दारातली वेलसुद्धा चालते. मग आपलं रान का चालणार नाही? आपली पिकं का चालणार नाहीत? तो लिहायला लागतो. कागद-पेन्सिल जवळ नसली तर म्हशीच्या पाठीवर काटकीनं ओळी ओढतो, दगडावर खड्यानं लिहितो, पाठ झाल्या की पुसतो, आणि सकाळी मास्तरांना दाखवतो.

म्हशीच्या पाठीचं चित्र सगळ्यांना आवडतं. पण त्याहून जास्त कामाची आहे ती वेल. सौंदलगेकर मास्तरांनी कोणतं अध्यापनशास्त्र वापरलं? त्यांनी मुलाला 'अनुभव लिही' असं सांगितलं नाही. त्यांनी एक वस्तू आणि त्या वस्तूवरचं लेखन, दोन्ही एकाच वेळी त्याच्या नजरेसमोर येऊ दिलं. जग आणि शब्द यांच्यातला पूल कसा बांधला जातो ते त्याला बांधकाम चालू असताना दिसलं. आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांना लेखन दिसतं ते छापून आलेलं, पूर्ण झालेलं. त्यामागची वेल त्यांनी कधी पाहिलेली नसते. म्हणून त्यांना वाटतं, लिहिणारे लोक वेगळ्या जातकुळीचे असतात.

आता इथे टीकाही केली पाहिजे. मास्तर मुलाला वृत्त शिकवतात, अलंकार शिकवतात, शुद्ध लिहायला शिकवतात, कवीची भाषा कशी असते ते सांगतात. मुलगा कृतज्ञतेनं घेतो. पण घेताना काही खाली ठेवावं लागतं का? रानात बोलली जाणारी कागलची बोली त्या वहीत येते का? त्या काळात ती यायला वाव नव्हता. यादवांना हा प्रश्न पुढे आयुष्यभर पुरला. 1971 साली त्यांनी 'गोतावळा' लिहिली. तिचा निवेदक नारबा हा शेतावर राबणारा गडी आहे, आणि पात्रांचे संवाद तेवढे नव्हेत, अख्खं निवेदनच त्याच्या बोलीत आहे. म्हणजे शाळेच्या वहीत ज्या भाषेला जागा नव्हती, तिला लेखकानं कादंबरीत घराची मालकी दिली. पण त्यासाठी आधी प्राध्यापक व्हावं लागलं. आमचा आक्षेप एवढाच, की ही मालकी मिळायला इतका लांबचा वळसा का पडावा?

आपल्या लेखननियमांतच या वळशाची खूण आहे. 'असं', 'केलं', 'म्हटलं' ही बोलण्यातली रूपं पात्राच्या तोंडी आली तर अनुस्वार देऊन लिहावीत, एरवी 'असे', 'केले', 'म्हटले' अशी एकारान्त लिहावीत. नियम निरुपद्रवी आहे, आणि आपण सगळेच तो मोडत असतो, हे व्याख्यान कागदावर उतरेल तेव्हाही तो मोडलेला दिसेल. पण त्यामागचा भाव ओळखा. बोलीनं अवतरणचिन्हांत राहावं, घरात पाहुणी म्हणून यावं, घर चालवू नये.

इथे दोन बायकांची आठवण काढायला हवी, कारण 'झोंबी'त परत येण्याची जी वाट आहे ती मुलाची आहे. पुस्तकातली आई स्वतः ती वाट उघडते, पण स्वतः तीवरून चालत नाही.

पहिली, मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी, मांग समाजातली, कोवळ्या वयाची. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. हे विद्यार्थिनीचं लेखन आहे हे आपण विसरतो. जेमतेम तीन वर्षं शिकलेली मुलगी देवाला प्रश्न विचारते की वेद जर एकाच वर्गाच्या मालकीचे असतील, तर आमचा धर्म कोणता? पेशवाईतल्या छळाची साक्ष देते. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांची अवस्था सांगते. आणि शेवटी आपल्या लोकांना शिकायला सांगते. लेखन शिकायचं आणि मग कधीतरी खरं बोलायचं, अशा दोन पायऱ्या तिच्यापुढे नव्हत्या. तिला अक्षर मिळालं आणि तिनं ते तात्काळ सर्वांत कठीण प्रश्नाला लावलं. शाळेनं तिला तो प्रश्न विचारू दिला, हे त्या शाळेचं मोठेपण. आज आपण पदवीच्या पहिल्या वर्षाला 'मोबाइल: शाप की वरदान' असा विषय देतो. एकशे सत्तर वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

दुसरी, लक्ष्मीबाई टिळक. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म 1868. त्यांचा वर्ग घरातच होता आणि मास्तर होते नवरा, कवी ना. वा. टिळक. टिळकांनी त्यांना शिकवायचं किती वेळा मनावर घेतलं आणि किती वेळा ते बारगळलं, याच्या हकिकती 'स्मृतिचित्रे'त आहेत. म्हणजे त्यासुद्धा वारंवार 'परत आलेल्या' विद्यार्थिनी. रीतसर शिक्षण जवळजवळ नाहीच. आणि 1934 पासून भागाभागानं आलेलं ते पुस्तक आज मराठी गद्याचा मानदंड मानलं जातं. का? कारण त्या बोलतात तशा लिहितात. कोणत्याही तासावर तांबड्या शाईनं खोडलं गेलं असतं असं पुष्कळ काही त्यात आहे, आणि तेच त्याचं बळ आहे. याचा अर्थ न शिकणं चांगलं असा कृपया घेऊ नका. अर्थ असा, की शिकवणाऱ्यानं खोडण्याआधी नीट वाचावं.

आता आपल्या काळाकडे येऊ. आज परत येण्याचे दरवाजे कागदावर तरी खूप उघडे आहेत. नाशकातच 1989 साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, ते अशा सुटलेल्यांसाठीच. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून पदवीकडे जाता येईल अशी सोय त्यानं केली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं मध्येच बाहेर पडण्याची आणि पुन्हा आत येण्याची मुभा दिली. एक वर्ष केलं तर प्रमाणपत्र, दोन केली तर पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक बँकेतल्या ठेवीसारखे जमा. 2021 च्या नियमांप्रमाणे ते जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. हे सगळं चांगलं आहे. आज कुठल्या मुलाला वाड्यावर जाऊन देसायांच्या पाया पडायला नको. सत्तेच्या मेहेरबानीच्या जागी नियम आला, ही प्रगतीच आहे.

पण नियम दारापर्यंत आणतो. दाराच्या आतला पहिला दिवस त्याच्या आवाक्यात नाही. श्रेयांकांच्या बँकेत वर्गात बसलेले तास जमा होतात. वर्गाबाहेर गेलेल्या वर्षांचं मोल सांगणारं खातं आम्हाला तरी आपल्या महाविद्यालयांच्या रोजच्या व्यवहारात दिसत नाही. तीन वर्षं कारखान्यात पाळी केलेला मुलगा परत येतो तेव्हा त्याच्या नावापुढे 'खंड' असा शब्द पडतो. खंड म्हणजे तुटलेपण, रिकामी जागा. ज्या तीन वर्षांत तो सर्वांत जास्त शिकला, त्याला आपण रिकामी जागा म्हणतो. शब्दच चुकलेला आहे.

म्हणून लेखनाच्या वर्गाची जबाबदारी इतर वर्गांहून मोठी आहे. गणिताच्या किंवा हिशेबनिसाच्या तासाला मधली वर्षं विचारायचं कारण पडत नसेल. लेखनाच्या तासाला पडतं. 'उपयोजित मराठी'च्या नावाखाली अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, मुलाखत, अहवाल हे सगळं शिकवलं जातं. शिकवावंच. पण अहवाल कशाचा? भात गिरणीत साळ आल्यापासून तांदूळ पोत्यात पडेपर्यंत काय काय होतं, याचा अहवाल लिहायला सांगा. वर्गात शेवटच्या बाकावर बसलेली, नुकतीच परत आलेली मुलगी कदाचित सगळ्यांत चांगला अहवाल लिहील. राब का भाजतात, दाढ किती दिवसांची झाली की उपटतात, इंद्रायणी आणि दुसऱ्या वाणांत हाताला काय फरक लागतो, हे तिला माहीत आहे. शिकवणाऱ्याला कदाचित माहीत नाही. त्या एका तासापुरती वर्गातली उंची बदलते. हसणारे तिच्या वहीत डोकावतात. गमछ्याला उत्तर द्यायचं असेल तर ते असं.

यावर दोन आक्षेप येतील, दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप: परत आलेल्याला त्याच्या आयुष्याबद्दल लिहायला लावणं म्हणजे त्याच्या जखमेचं प्रदर्शन मांडणं नाही का? आहे, तसं होऊ शकतं. 'तुझं शिक्षण का सुटलं ते लिही' हा विषय देणारा शिक्षक सहृदय असेल, पण तो विद्यार्थ्याकडून दुःखाची पट्टी वसूल करतोय. आपल्या गरिबीची हकिकत सांगितल्याशिवाय बाकावर जागा नाही, असा तो व्यवहार होतो. म्हणून आम्ही फरक करतो. त्याला दुःख मागू नये, ज्ञान मागावं. दुःख त्याला सांगायचं तेव्हा, सांगायचं त्याला तो सांगेल, नाहीतर सांगणार नाही. सौंदलगेकर मास्तरांनी त्या मुलाला वडिलांविषयी कविता करायला सांगितली नव्हती. वेल दाखवली होती. वडिलांविषयी तो लिहायला बसला तेव्हा पन्नाशी आली होती.

दुसरा आक्षेप: बोलीचं, अनुभवाचं कौतुक ठीक आहे, पण नोकरीच्या मुलाखतीत प्रमाण भाषाच लागते. ती न शिकवणं म्हणजे या मुलांना पुन्हा खाचरात पाठवणं. बरोबर आहे, आणि प्रमाण भाषेवर ज्यांची पकड आहे त्यांनी बोलीचे गोडवे गाऊन इतरांना ती नाकारावी, यासारखा दांभिकपणा नाही. प्रमाण भाषा शिकवाच, कसून शिकवा. प्रश्न क्रमाचा आहे. आधी आशय हाती येऊ द्या, मग वळण लावा. आवणी करणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. रोप आधी दाढीत दाट, आपल्या जागी वाढतं, मग उपटून ओळीनं लावायचं. रोपच नसेल तर ओळ कशाची लावणार? आपण बहुतेक वेळा रिकाम्या खाचरात दोरी धरून उभे असतो, आणि ओळ सरळ आली नाही म्हणून मुलांना बोलतो.

शेवटी पुन्हा देवदत्ताकडे. दर्शनकारांचा प्रश्न होता: हा तोच आहे का? शिक्षकाचा प्रश्न थोडा वेगळा असायला हवा: हा तोच असूनही आता आणखी कोण झाला आहे? पहिला प्रश्न हजेरीपटाचा, त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही'. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला पान लागतं. लेखनाचा वर्ग म्हणजे ते पान देण्याची जागा. 'झोंबी' आपल्याला सांगते की ते पान मिळालं नाही तर मूल काय करतं: ते म्हशीच्या पाठीवर लिहितं. त्याचं कौतुक आपण पुष्कळ केलं. पण म्हशीच्या पाठीवर लिहावं लागणं हे त्या मुलाचं भूषण असलं, तरी आपल्या व्यवस्थेचं नाही.

या सभेत शिक्षक आहेत, पालक आहेत, आणि मागच्या बाजूला उभे असलेले काही विद्यार्थीही दिसतायत. शिक्षकांना एवढीच विनंती: यंदा आवणी उरकून जो उशिरा वर्गात येईल, त्याला उशिराचं कारण विचारण्याआधी एक पान द्या. आणि विद्यार्थ्यांना सांगणं असं, की ते पान दिलं गेलं नाही तर मागून घ्या. त्यासाठी आता वाड्यावर जायची गरज नाही.

 आता प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.